आमची आक्का आणि तिचे कुंकू

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी एकीने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईविषयी चार शब्द बोलावयाचे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मला सभेत बोलण्याची सवय नाही. म्हणून मी हे सगळे वहीत लिहून आणले आहे आणि त्यातूनच वाचणार आहे. मध्येच सांगलीकडची भाषा आली तर सांभाळून घ्या. आक्काची गोष्ट पुस्तकी भाषेत सांगू गेले, तर ती आक्का राहणारच नाही.

आक्का म्हणजे माझ्या आईची आई. आम्ही नातवंडेच काय, पण तिची मुले, सुना, गल्लीतली माणसे, दूध घालणारा गवळीसुद्धा तिला आक्काच म्हणे. तिचे माहेर सांगलवाडीचे. कृष्णेच्या एका काठाला सांगली, दुसऱ्या काठाला सांगलवाडी. मधला आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्याआधी पावसाळ्यात पलीकडे जायचे म्हणजे नावेची वाट बघत बसावे लागे. पूल सुरू झाला तेव्हा आक्का सव्वा महिन्याची होती. तिच्या आईने तिला दुपट्यात गुंडाळून पुलावरून चालत देवाला नेले होते, असे घरात सांगत. आक्काच्या जन्माचा दाखला कुठेच नाही, पण पुलाचे साल दगडावर आहे. तिला कोणी वय विचारले की ती म्हणायची, "त्या पुलाला इचारा. आमी दोगं एका वयाची."

१९२९ सालीच मुलींच्या लग्नाचे वय निदान चौदा असावे असा शारदा कायदा इंग्रजांच्या मुलखात झाला. सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. आक्काच्या घरच्यांनी असल्या कायद्याचे नावही ऐकले नव्हते. चौदा पुरी होण्याच्या आतच, १९४३ च्या उन्हाळ्यात, तिचे लग्न झाले आणि ती हरिपूरला नांदायला आली. गंमत बघा, जरठकुमारी विवाहावर 'संगीत शारदा' नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे हरिपूरचेच. आक्काने ते नाटक कधी पाहिले नाही. तिचा नवरा मात्र म्हातारा नव्हता. तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने गरीब, असे आई सांगते.

लग्नाला दोन-अडीच महिने होतात तोच जुलैत वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून उड्या टाकून निसटले. गोळीबार झाला. पोलीस नदीकाठ धुंडाळू लागले आणि आक्काच्या सासूने तीन दिवस दाराची कडी काढली नाही. स्वातंत्र्याच्या चळवळीविषयी आक्काला विचारले की तिला एवढेच आठवे, "तीन दिस घरात दळण न्हवतं, आमी हुलगं शिजवून खाल्लं." मला ही आठवण फार आवडते. इतिहासाच्या पुस्तकात हुलगे येत नाहीत.

आता हरिपूरचे थोडे सांगते, कारण त्याशिवाय आक्का कळायची नाही. तिथे कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे, संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि तिथली जमीन अशी घट्ट की तिच्यात पेवे काढीत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले कोठार. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद, आत मोठ्या घड्यासारखे पोट, खोली वीस-पंचवीस फूट. तळाला आणि कडेने उसाचा पाला घालून त्यात हळद भरायची आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकायचे. आत हळद वर्षानुवर्षे टिके, कीड लागत नसे. सांगलीची हळदीची पेठ मोठी झाली त्यात ह्या पेवांचा वाटा आहे. माझे आजोबा पेव भरण्या-उपसण्याच्या कामावर होते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही. आत कोंडलेली हवा विषारी असते. काही तास तोंड उघडे ठेवायचे, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचे. आजोबा कामावरून येईपर्यंत आक्काचा जीव थाऱ्यावर नसे.

पण पेवाने त्यांना काही केले नाही. १९६९ साली विषमज्वराचे निमित्त झाले आणि ते अकरा दिवसांत गेले. आक्का तेव्हा चाळीस वर्षांची. पदरात चार मुले, त्यातली माझी आई अकरा वर्षांची.

नदीवर जे काय करतात ते सगळे झाले. त्याविषयी आक्का माझ्याशी एकदाच बोलली, तेही मी विचारल्यावर. मला वाटले होते, ती बांगड्यांचे सांगेल, कुंकू पुसल्याचे सांगेल. ती म्हणाली, "बांगड्या काचंच्याच व्हत्या, त्येंचं काय. पर जोडवी काडताना बोट सुजल्यालं व्हतं. निगंनात. दोघींनी धरून वडली. लई दुखलं गं." एवढे बोलून ती शेंगा निवडू लागली. तिच्या पायाच्या त्या बोटाचे नख शेवटपर्यंत वाकडे होते.

मुले जगवायची म्हणून ती सांगलीला हळदीच्या वखारीत निवडणीला जाऊ लागली. हरिपूर ते सांगली रोज चालत जायचे आणि चालत यायचे. जेठे गड्डे वेगळे, हळकुंडे वेगळी, किडकी-तुटकी वेगळी, असे दिवसभर बसून करायचे. हंगामात म्हणजे माघ-फाल्गुनात ती शेतावरही जाई. हळद काढून झाली की मोठ्या काहिलीत शिजवायची, वर पाला झाकायचा, काडी सहज शिरली की उतरायची आणि मग पंधरा दिवस उन्हात वाळवायची. वाफेने डोळे चुरचुरत. हाताला चढलेली हळद कितीही घासली तरी जात नसे. आईच्या मनात तिच्या आईचे जे चित्र आहे ते असे: कपाळ मोकळे आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.

वखारीतून तुटकी हळकुंडे स्वस्तात मिळत. त्यांचे आक्का कुंकू करी. ही विद्या तिच्या सासूची. तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. कुंकू मुळात हळदच असते. हळकुंडे फोडून बारीक करायची. लिंबाच्या रसात टाकणखार आणि थोडी तुरटी विरघळवायची आणि त्यात ते तुकडे भिजत घालायचे. टाकणखाराने पिवळ्याचा लाल रंग होऊ लागतो. रोज हलवायचे, रस मुरला की सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले तर रंग उडतो. खडखडीत वाळले की जात्यावर दळून वस्त्रगाळ करायचे आणि शेवटी तिळाच्या तेलाचा नुसता हात फिरवायचा. लिंबे किती, टाकणखार किती, हे आक्काने कधी मापले नाही. रंग बघून ती ठरवी. तिचे कुंकू बाजारच्यासारखे भडक नसे. गडद, जरा किरमिजीकडे झुकणारे असे. कपाळाला खाज नाही, चट्टा नाही.

चैत्रगौरीच्या आधी आणि संक्रांतीच्या आधी ती कागदाच्या पुड्या बांधून गल्लीत घरोघर देई. काही बायका पैसे देत, काही धान्य देत, काही नुसत्याच घेत. गल्लीतल्या झाडून सगळ्या सुवासिनींच्या कपाळाला आक्काचे कुंकू. हळदीकुंकवाला मात्र आक्काला बोलावणे नाही. तिला बोलावणे यायचे ते आदल्या दिवशी, आंबेडाळ वाटायला. ती पाट्यावर पायलीभर डाळ वाटून देई आणि दुसऱ्या दिवशी घरी बसे. तिच्या वाटणीची डाळ आणि पन्हे कुणीतरी पोर हाती पोचवी.

एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी शंका काढली, विधवेच्या हातचे कुंकू देवीला चालते का म्हणून. आक्का म्हणाली, "हळद लावणाऱ्या, काडणाऱ्या, शिजवणाऱ्या बायका कोन हैत, ते कवा इचारलं व्हतं का? निम्म्या माज्यासारक्याच हैत." त्या बाई गप्प झाल्या आणि पुडी घेऊन गेल्या.

ह्यावरून तुम्हाला वाटेल की आक्का मोठी सुधारक होती. तसे मुळीच नव्हते. कोणी शुभकामाला निघाले की ती आपणहून आत जाई. समोर आलेल्या दुसऱ्या विधवेलाही "जरा बाजूला व्हा" म्हणायला ती कमी करीत नसे. तिन्हीसांजेला केस विंचरलेले तिला खपत नसत. साखरेच्या डब्याला ती कुलूप लावी आणि किल्ली कमरेला. आम्ही सुट्टीत गेलो की चहात गूळ. आणि हिशोब म्हणाल तर पक्की. १९५७ साली नवे पैसे आले, पण तिच्या डोक्यातला हिशोब अखेरपर्यंत आण्यांतच चालला. भाजीवाल्याने पंचाहत्तर पैसे म्हटले की ती "बारा आणे" म्हणून घासाघीस सुरू करी. पुढे रुपयांत भाव आला तरी ती मनात आणे करूनच बघे, आणि चूक कधी सापडली नाही.

माझ्या लग्नातली गोष्ट सांगते. हळद लावायची होती. हळद अर्थातच आक्काची. महिनाभर आधी तिने निवडून, कुटून, चाळून ठेवली होती. सुवासिनींनी मला हळद लावली, गाणी झाली. आक्का माजघराच्या दारात उभी. माझ्या सासरकडच्या एका बाईंनी तिला हळूच मागे सरायला सांगितले. आक्का सरली. जाता जाता हसून म्हणाली, "माजा हात नको, पर माजी हळद चालती तुमास्नी." हसून म्हणाली हे खरे, पण तेव्हापासून तो शब्द माझ्या कानातून गेलेला नाही.

२००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले. किती लोकांची किती हळद सडली त्याला गणती नाही. पाणी ओसरल्यावर जो वास सुटला तो आक्का कित्येक वर्षे विसरली नव्हती. "माणूस मेल्यावानी वास," म्हणायची. पुष्कळ पेवे खचली, आणि मग लोकांनी गोदामांची वाट धरली. आजोबांनी ज्यांत आयुष्य घालवले ती पेवे नाहीशी होताना तिने बघितली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याहून मोठा पूर आला. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी गेले ५७ फुटांच्या वर. आक्का तेव्हा नव्वदीची. मामांनी तिला नावेत बसवून बाहेर काढले. ती नावेत बसायला तयारच होईना. जाते बरोबर घ्या म्हणे! जाते कसले घेता? शेवटी कुंकवाचा डबा आणि लुगड्याचे गाठोडे मांडीवर घेऊन बसली. सुखरूप पोचल्यावर पहिला प्रश्न, "पुलाला किती फूट लागलंय? हाय न्हवं उबा?" पूल उभा होता. पाणी उतरल्यावर जातेही जागच्या जागी सापडले, गाळात बसलेले. आईने आणि मामींनी ते दोन दिवस घासले.

आता ज्यासाठी मी आज बोलायला उभी राहिले, ते सांगते.

२०२२ च्या मे महिन्याच्या ४ तारखेला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की आमच्या गावात नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे प्रकार यापुढे बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून साऱ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. मी तेव्हा हरिपूरला गेले होते. वर्तमानपत्रातली ती बातमी मी आक्काला वाचून दाखवली. तिला ऐकू कमी येई, म्हणून मोठ्याने वाचली. जोडव्यांचा उल्लेख आला तेव्हा तिने हात वर करून मला थांबवले आणि म्हणाली, "परत वाच." मी परत वाचले. ती म्हणाली, "हेरवाड म्हंजी कुरुंदवाडाकडलं? लांब न्हाई की." मग बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या संक्रांतीला, म्हणजे २०२३ च्या जानेवारीत, मी तिला आमच्याकडे आणले होते. घरच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या. मी मनाशी ठरवले होते की पहिले कुंकू आक्काला लावायचे. करंडा घेऊन तिच्यासमोर बसले, तर तिने माझे मनगट धरले. म्हणाली, "मला नको. चोपन्न वरसं झाली, माज्या कपाळाला आता त्येची सवं न्हाई. खालच्या घरातली पोरगी कुटं हाय? तिला बोलीव."

खालच्या घरातली मुलगी म्हणजे कोण, ते आपल्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. तिला विचारून, तिची संमती घेऊनच मी हे वाचते आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती आणि मुलगा बालवाडीत. तेव्हापासून ती कुणाच्या हळदीकुंकवाला आली नव्हती, आणि तिला कुणी बोलावलेही नव्हते. मी खाली गेले. ती येईना. "काकू, बायका काय म्हणतील," एवढेच म्हणे. शेवटी आक्का स्वतः जिन्याचा कठडा धरून तीन पायऱ्या उतरली आणि वरूनच ओरडली, "ए पोरी, मला खाली याला लावू नगंस. गुडगं गेल्यात माजं!" तेव्हा ती आली.

आक्काने तिला आपल्यासमोर पाटावर बसवले. करंड्यातले कुंकू करंगळीच्या शेजारच्या बोटावर घेतले. हात कापत होता, त्यामुळे ते जरा वाकडे लागले. मग पदराच्या टोकाने कडेचे पुसून सारखे केले, तिळगूळ दिला आणि म्हणाली, "घरचं हाय, खाजणार न्हाई." बस्स, एवढेच. दोन बायका न थांबता निघून गेल्या. बाकीच्या बसल्या. एकीने आक्काच्या पाया पडून तिच्याच हातून कुंकू लावून घेतले. मग दुसरी आली. चौपन्न वर्षांत पहिल्यांदा आक्का हळदीकुंकवात मधोमध बसली होती, आणि तिचे सगळे लक्ष तिळगुळाकडे होते, प्रत्येकीला दोनच जातात ना म्हणून.

त्याच वर्षी आषाढात ती गेली. चौऱ्याण्णवावे चालू होते. दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच गेली. कोणाला उठाबशी काढायला लावली नाही.

आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाची पत्रिका दर वर्षी छापली जाते. तिच्यावर 'सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण' असे असते. पहिल्या पत्रिकेपासून ते तसेच चालत आले आहे, मुद्दाम कोणी कोणाला वगळले असे मी म्हणत नाही. पण आपल्या मंडळाच्या सभासदांच्या यादीत मी परवा बोटे मोजली. अकरा जणी अशा आहेत ज्या वर्गणी भरतात, भिशीत आहेत, पूरग्रस्तांसाठी पोळ्या लाटायला पहाटे चारला येतात, आणि त्या एका दिवशी घरी राहतात. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की यंदाच्या पत्रिकेत 'सर्व भगिनींना' असे छापावे. छापखान्याला मजकूर पौषाच्या आधी द्यावा लागतो, म्हणून आजच सांगते. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी रागावू नये. मोकळेपणी बोलावे, आपण बसून बोलू. ज्या बाईला कुंकू लावून घ्यावयाचे नाही, तिच्यावर सक्ती नाही. आक्कानेही लावून घेतले नाही. पण बोलावणे तर यायला हवे. नको म्हणायचे की हो म्हणायचे, ते तिचे ती ठरवील.

आक्काने केलेले शेवटचे कुंकू माझ्याकडे अजून आहे. चहाच्या टेबलाशेजारी जो पितळेचा डबा ठेवला आहे तो तोच, पुरात नावेतून आलेला. त्यातले पाऊण डबा उरले आहे. ज्यांना हवे त्यांनी कागदात चिमूटभर न्यावे. कृती ज्यांना लिहून हवी असेल त्यांनी माझ्याकडे यावे. टाकणखार किराण्याच्या दुकानात मिळतो. लिंबे मात्र पिकलेली, पातळ सालीची बघून घ्या, आणि वाळवण सावलीतच घाला.